पांडूची साक्ष

‘रात्रीस खेळ चाले’च्या लेखकमंडळींस अनावृत पत्र

डोंबिवली (पूर्व),
श्रावण शुद्ध पंचमी



माझे नाव आपणांस ठाऊक असण्याचे काही कारण नाही. दिवाणी न्यायालयाच्या दफ्तरात उमेदवारीपासून आरंभ करून शिरस्तेदाराच्या खुर्चीपर्यंत पोहोचलेला, चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या भांडणांना क्रमांक देण्यात घालविलेला, आणि सेवानिवृत्तीनंतर कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाची पायरी चढण्याखेरीज दुसरा उद्योग न उरलेला मी एक सामान्य प्रेक्षक आहे. ज्या मालिकेवर मी एके काळी निःसंकोच प्रेम केले तीच यंदा पुनश्च आद्यंत पाहिल्यावर माझ्या मनाची जी अवस्था झाली, तिची कैफियत आपल्यापुढे ठेवावी एवढाच या पत्राचा हेतू. कैफियत हा शब्द मी दफ्तरी अर्थाने वापरीत आहे. दाव्याला उत्तर म्हणून प्रतिवादी जे लेखी म्हणणे सादर करतो, ती कैफियत. तेव्हा मी वादी म्हणून आपल्या दारी आलो आहे असा गैरसमज कृपया करून घेऊ नये.

22 फेब्रुवारी 2016 रोजी रात्री साडेदहा वाजता झी मराठी वाहिनीवर आपल्या मालिकेचा प्रारंभ झाला, तेव्हा ती पाहावयाची की नाही याविषयी आमच्या घरी वाद झालाच नाही. कारण कथा मालवणी मुलखातली आहे एवढे कानावर येताच माझ्या पत्नीने, जिचे माहेर कुडाळ तालुक्यातले, निकाल परस्पर देऊन टाकला होता. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आमच्या या वस्तीची दिनचर्या रेल्वेच्या वेळापत्रकाने बांधलेली आहे. सकाळी सातच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावरील गर्दीत जो शिरतो तो रात्री नऊच्या आत क्वचितच घरी परततो. जेवणे उरकून, भांडी विसळून, उद्याच्या डब्याची भाजी निवडून होते तोवर साडेदहाच वाजलेले असतात. आणि दिवसभर जिवंत माणसांनी चेपून काढलेल्या देहाला त्या वेळी मेलेल्या माणसांचे भय हे विसाव्यासारखे वाटते, ही गोष्ट बाहेरच्या कोणाला खरी वाटणार नाही. आमच्या इमारतीच्या जिन्यात मात्र तिचा पुरावा रोज मिळत असे. साडेदहाला खाली उतरलो तर तळमजल्यापर्यंत दर मजल्यावर तेच संगीत पाठलाग करी.

त्यातून आमच्यापैकी कितीतरी लोक मूळचे कोकणातले. दिव्याहून सावंतवाडीस जाणाऱ्या गाडीत गणपतीच्या आधीच्या आठवड्यात पाय ठेवावयास जागा नसते, ती याच लोकांमुळे. या प्रत्येकाचे गावी एक घर असते; त्याचे कुलूप वर्षातून दोनदा निघते, त्याच्या सातबाऱ्यावर चुलते, चुलतभाऊ, मयत आणि बेपत्ता अशी डझनभर नावे असतात, आणि त्याच्या माजघरात पाऊल टाकताना अंगावर जी शिरशिरी येते ती आजोबांच्या तसबिरीची की चुलतभावाने पाठविलेल्या नोटिशीची, याचा उलगडा सहसा होत नाही. आपण नेमके हेच घर उचललेत. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात तो वाडा आपणांस सापडला. पहिल्याच भागात घरचा कर्ता पुरुष अण्णा नाईक मरण पावला. मुंबईचा थोरला माधव आपल्या विज्ञाननिष्ठ पत्नीसह आला. आणि दिवस पुरे होण्याच्या आतच त्या घरात भुताचे आणि वाटणीचे असे दोन्ही विषय एकाच पंक्तीला जेवावयास बसले. सिंधुदुर्गातून त्या वेळी तक्रारी उठल्या, मालिका अंधश्रद्धा पसरविते आणि मुलखाची बदनामी करते असे आक्षेप घेतले गेले. मला ते आक्षेप तेव्हा पटले नव्हते आणि आजही पूर्णांशाने पटत नाहीत. कोकणी माणसाला भुताची ओळख दूरचित्रवाणीने करून द्यावी अशी परिस्थिती कोकणात कधीच नव्हती.

पण मी ज्या प्रेमाविषयी लिहावयास बसलो ते पहिल्या पर्वाचे नव्हे. 14 जानेवारी 2019 पासून जे दुसरे पर्व आपण आणले त्यात काळ मागे नेऊन आपण अण्णाला जिवंत केलेत, आणि त्याच्यासमोर पाटणकर नावाच्या गृहस्थाची पत्नी, जिचे कागदोपत्री नाव कुमुदिनी परंतु जिला अवघा महाराष्ट्र शेवंता म्हणून ओळखतो, ती उभी केलीत. माधव अभ्यंकरांची ती जड पापण्यांखालची नजर, अपूर्वा नेमळेकरांचे ते थबकून मागे वळणे. खरे सांगतो, साठी उलटलेल्या माझ्यासारख्या मनुष्याच्याही मनात काही काळ वसंत संचारला. आमच्या प्रभातफेरीच्या मंडळात, ज्यात एक निवृत्त मुख्याध्यापक, दोन बँकेतले अधिकारी आणि एक होमिओपॅथ आहेत, आदल्या रात्री अण्णा शेवंतेला काय म्हणाला याची उजळणी झाल्यावाचून दुसरी फेरी सुरू होत नसे. चित्रफितींचे तुकडे भ्रमणध्वनीवरून फिरत. अण्णाच्या तोंडी विनोदी वाक्ये घातलेली चित्रे लग्नाच्या वाढदिवसांना शुभेच्छा म्हणून येत. या सर्वात अण्णाने त्या आठवड्यात कोणाचा जीव घेतला होता याची चर्चा मी केलेली मला आठवत नाही. टाळेबंदीने चित्रीकरण थांबले तेव्हा आम्ही ज्या गोष्टींसाठी हळहळलो त्यांत ही एक होती. टाळेबंदीतल्याच मे महिन्यात रत्नाकर मतकरी गेले, आणि मराठी गूढकथेचा एवढा मोठा धनी हरपल्याच्या दिवशीही आमच्यापैकी एकाने, आता शेवंतेचे पुढे काय होणार, असे विचारले होते. तो एक मीच.

मी अडाणी प्रेक्षक आहे असेही म्हणता येत नाही. कल्याणचे वाचनालय 1864 सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचे, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले. या दोन्ही ठिकाणी माझे तारुण्य गेले. हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 सालची आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 सालची; राजकन्या, कपटी पुरुष, अघटित योगायोग आणि चमत्कार यांनी ओतप्रोत भरलेल्या या कादंबऱ्या मी कौतुकाने आणि पुढे कीव करीत वाचल्या. नारायण धारपांची पुस्तके तर अशी हातोहात फिरत की शेवटचे पान शाबूत असलेली प्रत मिळणे हाच एक चमत्कार होता. वाचनालयातल्या गृहस्थांनी मला एकदा सहज सुचविलेली गोष्ट पुष्कळ वर्षांनी आता उमगते आहे: बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे हाल चव्हाट्यावर मांडले ते 1857 साली, आणि अवघ्या चार वर्षांत ‘मुक्तामाला’ आली. म्हणजे मराठी कादंबरीला पाय फुटताच दोन वाटा दिसल्या, एक बाईच्या गाऱ्हाण्याकडे जाणारी आणि दुसरी अद्भुताकडे. वाचकांची झुंबड कोणत्या वाटेवर उडाली हे सांगावयास नको. आपली मालिका या दुसऱ्या वाटेची वारस आहे अशी माझी समजूत होती; ती पहिल्या वाटेवरून जाता जाता वळविलेली आहे, हे यंदा कळले.

कळले ते माझ्या नातीमुळे. ती ठाण्यास घोडबंदर रस्त्याकडे राहते आणि वकिली करते. त्याच बाजूला महापालिकेचे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, आणि आपल्या मालिकेचे नाव ज्या गीताच्या मुखड्यातून आले ते सुधीर मोघ्यांचे गीत ज्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या 1976 सालच्या चित्रपटातले, त्याचे नायक हेच घाणेकर. पण हे विषयांतर झाले. शाळेत असताना या मुलीने स्टेफनी मायर नावाच्या अमेरिकन बाईंची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरीमाला पारायणे करून वाचली होती. 2005 ते 2008 या चार वर्षांत त्या मालेचे चार ग्रंथ निघाले; त्यात सतरा वर्षांची एक मुलगी आणि शंभरी ओलांडूनही सतरा वर्षांचाच राहिलेला एक रक्तपिपासू तरुण यांचे प्रेम आहे. यंदा मे महिन्यात तिने ती पुस्तके माळ्यावरून काढून पुन्हा वाचली आणि मला फोन करून म्हणाली, “आजोबा, हा माणूस ती झोपलेली असताना तिच्या न कळत रात्री-रात्री तिच्या खोलीत येऊन बसतो. मी तेराव्या वर्षी हे वाचून रडले होते, इतकं मला ते सुंदर वाटलं होतं. आज माझ्याकडे एखादी अशील हे सांगत आली तर मी पहिल्यांदा कलम बघीन.” ते कलमही तिने सांगितले. दंडसंहितेत 2013 साली 354-ड म्हणून दाखल झालेले, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 78 क्रमांकाने आलेले, स्त्रीच्या पाठलागाविषयीचे. मी हसून म्हणालो, बाहेरच्या लोकांचे वाङ्मय असेच. त्यावर ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “तुम्ही आणि आजी शेवंता बघायचात ना? पुन्हा बघा की.”

तेव्हा मी ते पुन्हा पाहिले. एकटाच, दुपारच्या वेळी, आणि हवे तेथे थांबवीत.

प्रथम ध्यानात आले ते हे की, आपण काहीच लपविलेले नव्हते. अण्णा माणसे मारतो हे आपण दाखविले, मारून पचवितो हेही दाखविले; बायकोला तो कसा वागवितो, तिने कोणकोणते अपमान पदराखाली झाकून घर चालविले, तेही आपण पुनःपुन्हा दाखविले. जमिनी, दुसऱ्यांच्या बायका आणि पदरची माणसे या तिहींवर एकाच दाखल्याने मालकी सांगणारा हा पुरुष आपण कोठेही गोड केलेला नाही. शेवंतेविषयीही तेच. ती निव्वळ अबला नव्हे. तिला आपण इच्छा दिलीत, हाव दिलीत, आरशापुढे उभे राहण्याचा आनंद दिलात, आणि तिच्या व्यक्तिरेखेचे बळ त्यातच आहे. मग हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहूनही आम्ही त्याला प्रेमकथा का म्हणालो? माझ्या अल्पमतीप्रमाणे ती करामत वाद्यांची आणि प्रकाशाची आहे. अण्णा कुऱ्हाडीकडे पाहतो तेव्हा कर्कश असणारे संगीत तो शेवंतेकडे पाहतो तेव्हा कोमल होते, दृश्य मंदावते, आणि नजर मात्र तीच असते. मी त्या दोन जागा एकापाठोपाठ एक, आवाज बंद करून पाहिल्या. आपणही पाहाव्यात अशी विनंती आहे. एकच मनुष्य एकाच नजरेने जमीन आणि बाई पाहत आहे, एवढेच उरते.

आमच्या दफ्तरी भाषेत एक शब्द आहे, राजीखुशी. कोणताही दस्त ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणावाचून’ लिहून दिल्याचे त्यात नमूद करावे लागते, आणि असे हजारो दस्त हाताखालून गेल्यानंतर मी हे शपथेवर सांगू शकतो की, या शब्दांची सर्वाधिक ठळक अक्षरे तेथेच आढळतात जेथे त्यांचा अर्थ सर्वांत पातळ असतो. ज्या गावात शेत अण्णाचे, कर्ज अण्णाचे आणि धाकही अण्णाचाच, त्या गावात कुमुदिनी पाटणकर या बाईची राजीखुशी म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या मालिकेच्या पोटात आहे. तो कोणा पात्राच्या ओठावर आलेला मला आढळला नाही.

भुतांविषयीही थोडे लिहितो, कारण त्या बाबतीत आपल्या पूर्वजांची शिस्त आपल्या मालिकेहून अधिक काटेकोर होती. आपल्याकडे भूत हे मोघम नसते. मुंज होऊन लग्नावाचून गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. धनाची किंवा वतनाची वासना राहून गेलेला समंध होतो. बाळंतपणात गेलेली स्त्री अळवंत किंवा हडळ होते. पाण्यात बुडालेला गिऱ्हा होतो. ही यादी नीट वाचली तर तीत भयापेक्षा हिशोब अधिक दिसतो. कोणाचे काय देणे राहिले, याचे ते नोंदवहीतले पान आहे; मुंज्याचे लग्न राहिले, समंधाची वाटणी राहिली, अळवंतिणीचे तर आयुष्यच राहिले. भूत म्हणजे निकाल न लागलेला दावा, आणि मांत्रिकाने विचारावयाचा पहिला प्रश्न ‘तू कोण’ हा असला तरी दुसरा ‘तुला काय हवे’ हा असतो. कोकणात तर देवापुढच्या प्रार्थनेलाच गाऱ्हाणे म्हणतात. जाणता गावकरी देवळात उभा राहून सर्वांच्या वतीने ते घालतो आणि मंडळी ‘व्हय महाराजा’ म्हणून त्यावर शिक्कामोर्तब करतात. तक्रार आणि प्रार्थना यांना एकच शब्द असलेला मुलूख आपण निवडलात, आणि तेथे एका बाईचे भूत उभे केलेत, तेव्हा ‘तुला काय हवे’ हे कोणीतरी तिला विचारील अशी अपेक्षा बाळगणे गैर ठरू नये.

मार्च 2021 मध्ये तिसरे पर्व आले. अण्णा परत येणार म्हणून लोक आनंदले, मीही आनंदलो. त्या पर्वात अण्णा आणि शेवंता दोघेही मृतात्मे आहेत आणि एकाच वाड्याला झपाटतात. पुन्हा पाहताना मला येथे थांबावेच लागले. जिवंतपणी ज्यांची नावे एकाच दाव्यात वादी व प्रतिवादी म्हणून समोरासमोर लागली असती, त्यांना मृत्यूने एकाच बाजूला नेऊन बसविले. तिची जी काही फिर्याद होती ती त्याच्याविरुद्ध होती. आता तिचे भय आणि त्याचे भय हे एका संयुक्त खात्यात जमा झाले, आणि वाड्यात राहावयास येणारी निरपराध माणसे त्या खात्यातून कर्ज फेडू लागली. याला प्रेम अमर झाले असे आम्ही म्हणालो. दफ्तरात याला ‘दावा काढून टाकला’ म्हणतात.

आता पांडूकडे येतो. आपल्यापैकी श्री. प्रल्हाद कुडतरकर यांनी मालिकेचे लेखनही केले आणि वाड्यावरच्या या वेंधळ्या गड्याची भूमिकाही केली. ‘इसरलंय’ हा त्याचा एक शब्द महाराष्ट्रभर गेला. डोंबिवलीच्या भाजीबाजारात सुट्टे पैसे परत द्यावयाचे राहिले तरी भाजीवाला ‘इसरलंय’ म्हणू लागला. मीही पोटभर हसलो आहे, आणि त्या हसण्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. गड्याचे सोंग इतक्या निर्मळपणे वठविणारा लेखक दुर्मीळ. परंतु दुसऱ्या वेळी मी पांडूवरच नजर ठेवून पाहिले, आणि माझ्या लक्षात आले की वाड्यातील यच्चयावत गोष्टींचा प्रत्यक्षदर्शी जर कोणी असेल तर तो पांडू आहे. अंगणात तो, माजघराच्या उंबरठ्यावर तो, अण्णाच्या मागे कंदील घेऊन तो. त्याने जे पाहिले ते त्याला सांगावयाचे नाही; सांगितले तर तो उद्याचा सूर्य पाहणार नाही; म्हणून तो विसरतो. आम्ही ज्याला विनोद म्हणत होतो ती एका गरीब मनुष्याने जीव वाचविण्यासाठी पांघरलेली घोंगडी होती. न्यायालयात पिंजऱ्यात उभा राहून ‘आता आठवत नाही साहेब’ म्हणणारे असे पांडू मी पुष्कळ पाहिले. त्यांना फितूर ठरवितात. फितूर होणे म्हणजे पैसे खाणे असेच सर्वांना वाटते. त्यांच्या पायांकडे पाहिले असते तर ते थरथरताना दिसले असते. लेखकाने, ज्याला सारे ठाऊक आहे त्याने, सारे विसरणाऱ्याचे सोंग घ्यावे, हा योगायोग असेल. मला तो मालिकेतला सर्वांत खोल अर्थ वाटतो, आणि आपण तो तेथेच सोडून दिलात याची चुटपुट लागून राहते.

येथे माझी कैफियत वास्तविक संपावयास हवी. पण प्रतिवादीने सत्यापनावर सही करावयाची असते, म्हणून एक गोष्ट लिहितो.

दुसरे पर्व चालू असताना माझी पत्नी बहुतेक वेळा माझ्या शेजारी बसून पाही. मात्र काही ठिकाणी ती उठून स्वयंपाकघरात जाई. मला वाटे, तिला कडधान्य भिजत घालावयाचे आठवले असेल. यंदा एकट्याने पाहताना एकेका प्रसंगी ‘येथे ती उठली होती’ असे जेव्हा लागोपाठ आठवू लागले तेव्हा समजले की, आमच्या घरी एवढी कडधान्ये खाल्ली जात नव्हती. आम्ही ज्यांना प्रेमाचे प्रसंग म्हणत होतो नेमके तेच ते होते. एका रात्री ती उठली नाही. शेवंतेच्या बाबतीत काहीतरी परस्पर ठरत होते, काय ते मला आता सांगता येत नाही, आणि ती पडद्याकडे पाहत आपल्या बोलीत म्हणाली, “तिका कोणी इचारल्यान?” घरात मुलगा, सून, शेजारचे एक जोडपे होते. मी पांडूच्या आवाजात म्हणालो, “इसरलंय!” आणि सगळे हसले. तीही हसली असावी. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिले नव्हते.

हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ हे नाव आपल्या कादंबरीला दिले. ती पुस्तकरूपाने आली ते सालही 1893 च, म्हणजे ठाण्याचे ग्रंथसंग्रहालय निघाले तेच. मी त्या कादंबरीवर वाचनालयात भाषण दिलेले आहे.

माझे सासरे वारले तेव्हा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वारसांच्या नोंदीत माझ्या पत्नीचेही नाव लागले होते. 1998 च्या मे महिन्यात, नव्यानेच सुरू झालेल्या कोकण रेल्वेने आम्ही मोठ्या हौसेने गावी गेलो, आणि त्या मुक्कामात मेहुण्यांनी विषय काढला की बहिणीचे हक्कसोडपत्र होऊन जावे. असे करण्याची रीतच आहे. भावाच्या घरची साडी मिळते, माहेरचे दार उघडे राहते, आणि बहीण सही करते. मसुदा कोणी करावा हा प्रश्नच नव्हता, घरात न्यायालयातला जावई होता. मी दिवाणखान्यात बसून तो माझ्या वळणदार अक्षरात लिहिला, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेला, तिने सही केली, आणि परतताना आम्ही सर्वांनी सोलकढी घेतली. यंदा आषाढात लोखंडी कपाटातून मी त्याची नक्कल काढली. ‘राजीखुशीने’ हा शब्द मी दोनदा लिहिला आहे. एकदा पुरेसा असतो. खाली साक्षीदार म्हणून पहिली सही माझी आहे. माझी पत्नी 2022 च्या पावसाळ्यात गेली. त्यापूर्वीच्या चोवीस वर्षांत त्या कागदाचा विषय तिने एकदाही काढला नाही, किंवा काढला तो एकदाच, पडद्याकडे पाहत, आणि मी त्यावर टाळी घेतली.

आपल्या मालिकेने मला हे दाखविले असे म्हणणे म्हणजे आपल्यावर नसते ओझे टाकणे होईल. पण चौथे पर्व लिहावयाचे आपल्या मनात कधी आलेच, आणि पुन्हा त्या वाड्याचे दार उघडलेच, तर अण्णाला आणू नये अशी माझी मागणी नाही. आणा, आम्ही पाहू, अभ्यंकरांना पाहण्याचा मोह मला आजही आवरणार नाही. मागणी पांडूविषयी आहे. त्याला म्हातारा करा, त्याच्या अंगावर नवे धोतर द्या, अण्णाचा धाक संपलेल्या एखाद्या सकाळी त्याला कुडाळच्या एसटीत बसवा आणि जेथे त्याची जबानी घेतली जाईल अशा जागी नेऊन उभे करा. त्याला पहिला प्रश्न शेवंतेविषयी विचारू द्या, आणि तिचे नाव कुमुदिनी असे घालून विचारू द्या. मग तो काय म्हणतो ते आपण ठरवावे. तो पुन्हा ‘इसरलंय’ म्हणाला, तरी या वेळी आम्ही हसतो की नाही ते पाहावयास मिळेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक प्रेक्षक

ता. क. गणपतीला दिव्याहून सावंतवाडीची गाडी धरून गावी जाणार आहे. मुलगी बरोबर येते आहे. लोक हल्ली आकेरीचा वाडा पाहावयास जातात असे ऐकतो, पण आम्ही कुडाळलाच उतरणार. मेहुण्याला तिच्या वाट्याविषयी सविस्तर पत्र टाकून तीन आठवडे झाले. उत्तर आलेले नाही. टपाल कोकणात पावसाने खोळंबते.